उंदराच्या आतड्यातील कृमी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव निघताच नालाबांध, पाझर तलाव आणि चराईबंदी यांचे स्मरण व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु अशा शिवाराच्या बांधांत बिळे करून राहणारे उंदीर आणि घुशी आपल्या आतड्यांत कृमींची जी निराळीच सृष्टी वागवीत असतात, तिच्याविषयी रूढ असलेले समज एकदा तपासून घेणे रयतेच्याच हिताचे आहे.

गैरसमज : कृमी झालेला प्राणी खंगून मरतोच.
वस्तुस्थिती : उंदरातील ‘हायमेनोलेपिस डिमिन्यूटा’ या पट्टकृमीला मुख नाही की अन्ननलिका नाही, तो आकड्यांवाचून केवळ चूषकांनी चिकटतो आणि यजमानाने पचविलेले अन्न आपल्या त्वचेवाटेच शोषून घेतो, त्यामुळे धडधाकट उंदराच्या आतड्याला त्याच्यापासून फारशी इजा पोहोचत नाही.

गैरसमज : मग सारेच कृमी निरुपद्रवी.
वस्तुस्थिती : ‘मोनिलिफॉर्मिस’ हा काटेरी डोक्याचा कृमी आपली आकडेदार सोंड आतड्याच्या भित्तीत रुतवून दाह आणि व्रण उत्पन्न करतो, इटलीतील कालान्द्रुच्चो या संशोधकाने १८८८ साली त्याच्या अळ्या स्वतः गिळून पोटाचे विकार अनुभवले होते. ‘निप्पोस्ट्राँगिलस’ हा सूत्रकृमी त्वचा भेदून, फुप्फुसांच्या मार्गाने लहान आतड्यात दाखल होतो आणि तेथील अन्नशोषक अंकुर आखूड करतो. तथापि निरोगी उंदराची प्रतिकारशक्ती सुमारे दोन आठवड्यांत त्याची हकालपट्टी करते.

गैरसमज : गोड खाल्ल्याने जंत होतात.
वस्तुस्थिती : जंत गोडाने नव्हे, तर कृमींच्या अंडी-अळ्या पोटात गेल्याने होतात. उंदराच्या लेंडीतील कृमीची अंडी धान्यातील तांबडा भुंगेरा खातो, त्याच्या देहात पट्टकृमीची अळी वाढते, आणि तो किडा उंदराने खाल्ला म्हणजे चक्र पुरे होते; काटेरी कृमीच्या बाबतीत हेच काम झुरळ करते. किडक्या धान्यातून असा किडा पोटात गेलेल्या ग्रामीण मुलांतही हा पट्टकृमी आढळल्याच्या नोंदी भारतात आहेत.

गैरसमज : कृमीच उंदरांचा बंदोबस्त करतील.
वस्तुस्थिती : बहुतेक कृमी कळपातील थोड्याच प्राण्यांत एकवटलेले असतात, उरलेले सुखाने वीण वाढवितात.

तेव्हा शेतकऱ्याने कृमींवर भरवसा न ठेवता घुबड आणि धामण यांना अभय द्यावे, धान्य वाळवून झाकणबंद कोठीत भरावे, किडके पीठ टाकून द्यावे आणि मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नये.