जवारी ऐकू यायला हवी

“आई, सीडी प्लेअर कशाला? सगळं मोबाइलवर आहे की!” लेक म्हणाला. पेपरातून डोकं वर न काढता ह्यांनी जोडलं, “धूळ खायला अजून एक डबा.” मी गप्प बसले. पैसे माझ्या भिशीचे होते. आणि दिवाणाखालच्या खोक्यात किशोरीताई, कुमारजी, मल्लिकार्जुन मन्सूर अशा साठेक सीडी पडून होत्या. शाळेच्या पगारातून एकेक करून जमवलेल्या.

आजवर त्या डीव्हीडी प्लेअरवर वाजायच्या. म्हणजे आधी टीव्ही सुरू करा, मग पडद्यावर बघून गाणं निवडा. कुणाला मालिका बघायची असली की माझा भूप बंद! गेल्या पावसाळ्यात त्यानं मान टाकली तेव्हा ठरवलं, आता फक्त गाण्यासाठीचा प्लेअर घ्यायचा. लग्नाआधी मी चार वर्षं गाणं शिकले होते. पुढचं सांगायला नको, तुमच्यातल्या कितीतरी जणींचं तेच झालंय.

कोल्हापूरच्या दुकानातला मुलगा उत्साही होता. “काकू, यात ब्लूटूथ आहे, लायटिंग आहे.” मला लायटिंग नको होतं. शेवटी त्याचे वडील उठून आले. सीडी १९८२ साली बाजारात आली, तेव्हापासून तिच्यातलं गणित तेच आहे, म्हणाले. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेऊन ते आकड्यांत लिहायचं. प्लेअरनं लेझरनं ते आकडे बिनचूक वाचायचे आणि त्यांचा परत आवाज करायचा. हे दुसरं काम करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. “बऱ्यापैकी प्लेअर असला की डॅकचा फरक थोडाच कळतो. जास्तीचा पैसा स्पीकरवर घाला.” स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर भावाचे जुने होतेच. त्यांना जोडायला प्लेअरच्या मागे लाल-पांढरी भोकं हवीत, एवढं मी पाहून घेतलं.

मग पर्समधून माझी सीडी काढली. मी मिरजेची, सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेली. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर जवारी लावायचे, तेव्हा एका तारेतून सूरच सूर उमलायचे. (मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेढे वाटले होते.) फाइल फार लहान केली की हेच बारीक सूर आधी गळतात, आणि तानपुऱ्याची नुसती भुणभुण उरते. आता काही अ‍ॅपवर सीडीइतका दर्जा मिळतो, हे लेकाचं म्हणणं खरंय. पण ते फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकून काय उपयोग?

पहिल्या प्लेअरमध्ये आलापाच्या मागे डिस्क फिरल्याची घरघर होती. दुसरा शेवटच्या ट्रॅकला अडखळला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे काठाशी डिस्क जरा वाकडी असली तरी खोट उघडी पडते. म्हणून शेवटचं गाणं लावल्याशिवाय पैसे देऊ नका. तिसऱ्यात चारही तारा वेगळ्या आल्या. पण किंमत तीस हजारांवर, आणि भिशी वीसची! तसाच एक जुना नऊ हजारांत होता. त्याची लेन्स अजून मिळते का, हे विचारलं आणि सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घेतली.

घरी एक स्पीकर शोकेसवर, दुसरा खिडकीत होता. दोन्ही कानाच्या उंचीवर आणले आणि दोघांपासून सारख्या अंतरावर खुर्ची ओढली. नेमकी ह्यांची. संध्याकाळी हे दारातच थबकले.

“गाण्याच्या मागं काय वाजतंय हे?”

“तानपुरा. त्या सीडीवर कायमच होता.”

चहा निवेपर्यंत बसले तिथंच, मोड्यावर. सकाळी बघते तर खुर्ची परत जागेवर. मी पुन्हा ओढली.