हृदयविकार आणि पक्षाघात : देशोदेशीचे आकडे काय सांगतात?

एखाद्या दफनविधीला गेल्यावर आपल्यापैकी कोणीतरी हळूच विचारतो, "कशाने गेले?" उत्तर बहुधा दोनच शब्दांचे असते, "हार्ट फेल." शोकाकुल घरात अधिक विचारणे बरे दिसत नाही आणि विषय तेथेच थांबतो. वास्तविक मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी अखेरीस हृदय थांबतेच. म्हणून 'हृदय बंद पडले' हे मृत्यूचे वर्णन झाले, कारण नव्हे. खरे कारण नोंदले गेले तरच पुढच्या माणसाला वाचवण्याचा मार्ग सापडतो.

ही दृष्टी जुनी आहे. लंडनमधील पॅरिशांचे कारकून दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या तयार करीत असत. त्या याद्यांचा अभ्यास करून जॉन ग्रॉन्ट ह्या व्यापाऱ्याने १६६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. आज हेच काम जागतिक पातळीवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात १ कोटी ७९ लाख माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू पावली. एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण ३२ टक्के होते. त्यातील ८५ टक्के मृत्यू हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात ह्या दोन कारणांनी झाले.

तुलना कशी करावी?

कोणत्या देशात हे मृत्यू अधिक होतात? नुसती संख्या पाहिली तर चीन आणि भारत सर्वांत पुढे दिसतील, कारण तेथे माणसेच अधिक आहेत. म्हणून दर लाख लोकसंख्येमागे किती मृत्यू झाले हे पाहावे लागते. परंतु तेवढ्यानेही भागत नाही. हे विकार वयाबरोबर वाढतात. म्हणून ज्या देशात वृद्ध अधिक, तेथे मृत्यूही अधिक दिसणार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन धर्मग्राम आहेत आणि प्रत्येकात १०,००० माणसे राहतात. पहिल्यात ६० वर्षांखालील ७,००० आणि ६० वर्षांवरील ३,००० आहेत. दुसऱ्यात तरुण कुटुंबांची वस्ती अधिक आहे: ६० खालील ९,००० आणि ६० वरील १,०००. पहिल्या धर्मग्रामात वर्षाला हृदयविकाराने दर हजारी ६० खालील १ आणि ६० वरील १० माणसे दगावतात. म्हणजे ७ आणि ३०, एकूण ३७ मृत्यू. दुसऱ्यात दर हजारी अनुक्रमे २ आणि १२ माणसे दगावतात. म्हणजे १८ आणि १२, एकूण ३० मृत्यू. वरवर पाहता दुसरा धर्मग्राम अधिक निरोगी वाटतो. प्रत्यक्षात तेथे तरुण आणि वृद्ध ह्या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जास्त आहे.

हा फसवा फरक दूर करण्यासाठी दोन्हींना एकच वयोरचना लावतात. समजा दोन्हीकडे ८,००० तरुण आणि २,००० वृद्ध असते, तर पहिल्यात २८ आणि दुसऱ्यात ४० मृत्यू झाले असते. आता खरे चित्र दिसले. ह्यालाच वयप्रमाणित मृत्युदर म्हणतात. देशांची तुलना करताना हाच दर पाहावा.

जगाचा नकाशा

ह्या मापाने पाहिले तर जपान, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन हे देश सर्वांत कमी मृत्युदराच्या गटात येतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातील देशांत हा दर फार मोठा आहे. जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक असूनही तो देश कमी मृत्युदराच्या गटात आहे, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. आणखी एक भेद असा की, पश्चिम युरोप आणि अमेरिकेत हृदयविकाराचे मृत्यू पक्षाघातापेक्षा अधिक होत आले, तर चीन व जपानसारख्या पूर्वेकडील देशांत दीर्घकाळ पक्षाघात वरचढ राहिला.

हा फरक केवळ रक्तात किंवा वंशात असतो काय? पुढील देशांचा इतिहास 'नाही' असे उत्तर देतो, कारण त्यांचे दर एकाच पिढीत बदलले.

जपानमध्ये १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडील अकिता प्रांतात खारवलेले पदार्थ फार खाल्ले जात आणि रक्तदाबही तसाच चढलेला असे. मिठाचे प्रमाण कमी करणे, गावोगावी रक्तदाब तपासणे आणि १९६१ पासून सर्वांना आरोग्यविमा ह्यांमुळे हा दर झपाट्याने उतरला. १९८१ साली पहिली जागा कर्करोगाने घेतली.

फिनलंडमधील पुरुषांत १९६० च्या दशकात हृदयविकाराचे मृत्यू जगात सर्वाधिक होते. त्यातही पूर्वेकडील नॉर्थ कॅरेलिया प्रांताची स्थिती बिकट होती. १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे एक प्रकल्प सुरू झाला. लोणी व साईचे दूध कमी करणे, मीठ घटवणे, धूम्रपान सोडणे ही त्याची सूत्रे होती. बायबलमधील मार्थेचे नाव धारण करणाऱ्या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी आरोग्यदायी स्वयंपाकाचे मेळावे भरवले. पुढील काही दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

उलट दिशेचा धडा रशियाने दिला. १९८५ साली दारूविरोधी मोहीम सुरू होताच मृत्यू कमी झाले. मोहीम ओसरली, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि मृत्यू पुन्हा उसळले. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये सुमारे ६४ वर्षे होते. ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली आले. त्यात हृदयविकाराचा आणि दारूचा वाटा मोठा होता.

पोर्तुगालचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल, कारण आपला 'पाव' हा शब्द त्यांच्याच भाषेतून आला. पश्चिम युरोपातील इतर अनेक देशांच्या तुलनेत तेथे पक्षाघाताचे मृत्यू अधिक होत. २००९ साली तेथील संसदेने कायदा करून १०० ग्रॅम पावात १.४ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नसावे असे बंधन घातले.

आपण कोठे आहोत?

'हृदयविकार हा श्रीमंतांचा आजार' ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. आकडे निराळेच सांगतात. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१० च्या अंदाजानुसार भारतातील वयप्रमाणित मृत्युदर लाखामागे २७२ होता, तर जागतिक सरासरी २३५ होती. २०१४ साली १७ देशांतील सुमारे १ लाख ५६ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, धोक्याची कारणे श्रीमंत देशांत अधिक होती, पण मृत्यू गरीब देशांत अधिक झाले. आजार ओळखला जात नाही, औषधे नियमित घेतली जात नाहीत, रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचत नाही, ही त्यामागची प्रमुख कारणे होत.

दुसरी गोष्ट वयाची. अनेक देशांत झालेल्या एका अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतरत्र तो ५९ च्या सुमारास येतो. ही सहा वर्षे कागदावर लहान दिसतात. परंतु ह्याच वर्षांत मुलांचे शिक्षण पुरे व्हायचे असते, घराचे कर्ज फिटायचे असते. कमावता माणूस गेल्यावर त्या घराचे काय होते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

आपल्या नोंदीही अपुऱ्या आहेत. भारतात वैद्यकीय प्रमाणपत्रासह कारण नोंदले गेलेले मृत्यू २०२० मध्ये जेमतेम एकपंचमांशाहून थोडे अधिक होते. बाकीच्यांची माहिती कुटुंबीयांना प्रश्न विचारून, नमुना पाहणीतून मिळवावी लागते. म्हणून डॉक्टरांनी खरे कारण लिहावे असा आग्रह धरणे, हीदेखील एक समाजसेवाच आहे.

आपल्या हातात काय आहे?

जपान आणि फिनलंड ह्यांनी जे साधले त्याचा आरंभ स्वयंपाकघरात आणि रक्तदाबाच्या यंत्रापाशी झाला. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीयांच्या आहारात ते सुमारे ८ ग्रॅम आढळले आहे. आपल्या किनारपट्टीवर सुके बोंबील, सुकट, लोणची आणि पापड ह्यांतून मीठ नकळत पोटात जाते. ते सारे सोडावे असे नव्हे. ते रोजच्या ताटात नसावे. तंबाखू सोडावी आणि दारूचा मोह आवरावा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजावा. छातीत दाब येऊन घाम फुटला, तर ते पित्त आहे असे समजून वाट पाहू नये. लगेच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरातील प्रत्येकाला, लहान मुलांनाही, ही लक्षणे ठाऊक असावीत.

देशाचा मृत्युदर म्हणजे अखेर घराघरांतील मृत्यूंचीच बेरीज. फिनलंडमधील गृहिणींनी आपल्या स्वयंपाकघरातून ती बेरीज कमी करून दाखवली. आपल्यालाही ते अशक्य नाही.