कळशी घेऊन दारात

नळाला पाणी नसलं की आम्ही मंडळाच्या बायका आमदारांकडे जातो. तेव्हा निवेदनापेक्षा हातातली रिकामी कळशीच जास्त बोलते, हा अनुभव! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची हकिकत वाचली आणि हेच आठवलं.

तिथे मे २००४ पासून समलिंगी जोडप्यांना लग्न करता येऊ लागलं. विरोधकांनी लाखावर सह्या जमवून ते थांबवणारी घटनादुरुस्ती आणली. २०० पैकी फक्त ५० आमदारांनी लागोपाठच्या दोन विधिमंडळांत पाठिंबा दिला, की प्रश्न थेट सार्वमताला जाणार. जानेवारी २००७ मध्ये दुरुस्तीच्या बाजूने ६२ मतं पडलीसुद्धा.

ही जोडपी मात्र खचली नाहीत. आपापल्या आमदारांना भेटून आपला संसार कसा चाललाय ते सांगत राहिली. नातेवाईक, शेजारीही बोलले. १४ जून २००७ ला पुन्हा मतदान झालं. काही आमदार नवे होते, काहींनी मत बदललं होतं. या वेळी दुरुस्तीला मिळाली ४५ मतं. पाच कमी पडली आणि ती बारगळली!

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. लग्नाचा प्रश्न मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदेमंडळावर सोडला. म्हणजे पुन्हा लोकप्रतिनिधींचंच दार.

आमच्या मंडळातली एक आई अजूनही आपल्या मुलाबद्दल दबक्या आवाजात बोलते. मैत्रिणींनो, पाण्यासाठी तिच्याबरोबर गेलो, तशा यासाठीही जाऊ ना?