अलिबागच्या जोड्या आणि टी-टेस्ट

मुंबईत विजेची ट्राम येणार हे ठरलं आणि कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं धाबं दणाणलं. ट्रामच्या विजेने तिथल्या नाजूक सुया बिथरणार होत्या. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळेने बंदरापलीकडे अलिबागला बिऱ्हाड हलवलं. नवी इमारत बांधताना लोखंड वर्ज्य! १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या. खरी हुशारी मात्र पुढेच आहे: कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू राहिल्या, म्हणून १८४०च्या दशकापासूनची मालिका अलिबागला सांधता आली.

या जोडनोंदींचं मोल पायथन या संगणकभाषेच्या ‘सायपाय’ लायब्ररीत चटकन कळतं. मनचेच आकडे घ्या. पाच दिवस एका जागी १२, ३०, १८, ४५, २५; दुसरीकडे त्याच दिवशी १५, ३४, २१, ५०, २९. दोन सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या टी-टेस्टच्या ‘टीटेस्ट_इंड’ या फंक्शनला हे दोन वेगळे गट म्हणून दिले, तर पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.६६. म्हणजे खरा फरक काहीच नसता, तरी एवढी किंवा याहून मोठी तफावत योगायोगाने सहज दिसली असती. तेच आकडे ‘टीटेस्ट_रेल’ला जोडीने दिले की उत्तर ०.०००५च्या आसपास! कारण हे फंक्शन फक्त ३, ४, ३, ५, ४ हे फरक बघतं. दिवसागणिक होणारी मोठी उलथापालथ वजा होऊन जाते. आकडे तेच, निकाल उलटा. कोणता आकडा कोणाचा जोडीदार, हे वेधशाळेच्या वहीलाच ठाऊक.

दोन्हींच्या पोटातलं गणित एकच: डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरी करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलेलं. या गणिताची एक अट लोक सर्रास विसरतात. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. चुंबकीय वादळ दिवस-दिवस रेंगाळतं, त्यामुळे आजचा आकडा कालच्याशी बांधलेला असतो आणि पी-व्हॅल्यू फसवी लहान येऊ शकते. फंक्शन याबद्दल चकार शब्द काढत नाही.

शिवाय सॉफ्टवेअरगणिक स्वभाव निराळे. दोन वेगळ्या गटांची तुलना करताना ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर न सांगता वेल्चची रीत वापरतं, म्हणजे दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखा धरत नाही. सायपाय तो सारखाच धरतं, नको असेल तर तसं सांगावं लागतं. जोडीतला एखादा आकडा गहाळ असला, तर ‘आर’ ती जोडी गुपचूप गाळून हिशोब पुरा करतं. सायपायमध्ये वेगळी सूचना नसेल, तर उत्तराच्या जागी नुसतं ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, उमटतं. मला हा आडमुठेपणा पसंत आहे. निदान कोणता दिवस कोरा राहिला ते शोधायला माणूस वही तरी उघडतो.