गोधडी शिवताना मन हलकं का होतं?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर मी सगळ्यांना एक प्रश्न विचारला. ताण आला की तुम्ही काय करता? आधी सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "भांडी आपटते." दुसरी म्हणाली, "रानात जाऊन एकटीच रडून येते." मग कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "मी तर वाकळ घेऊन बसते. दोन ओळी घातल्या की डोकं जरा जाग्यावर येतं."

आजींचं बोलणं मला लगेच पटलं, कारण मी ते भोगलंय. ज्या वर्षी काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं, त्या वर्षी माझे गटाचे तीन हप्ते थकले होते. रात्री पडल्या पडल्या तोच हिशेब. इतके देणं, इतके येणं, परत पहिल्यापासून. सासूबाईंनी एक दिवस ट्रंकेतली जुनी लुगडी काढून माझ्यापुढं टाकली. म्हणाल्या, "हिशेब करून पैसे वाढत नसतात. हे शिव." मला रागच आला होता. पण शिवायला बसले आणि आठ-दहा दिवसांत झोप लागायला लागली. कर्ज होतं तेवढंच होतं.

असं का होतं, ते समजून घेऊ. काळजी म्हणजे तोच विचार गोल गोल फिरत राहणं. "काळजी करू नको" असं सांगून ते फिरणं थांबत नाही. मनाला दुसरीकडं गुंतवावं लागतं, आणि ते काम बेताचं असावं लागतं. फार अवघड असेल तर वैताग येतो आणि फार सोपं असेल तर मन पुन्हा हप्त्याकडं पळतं. गोधडीचा धावदोरा नेमका मधला आहे. टाका सरळ यायला हवा, म्हणून नजर सुईवर राहते. हात एका लयीत चालतो आणि श्वासही हळूहळू संथ होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. आपण दिवसभर राबतो, पण केलेलं दिसत नाही. भाकरी केल्या, खाऊन झाल्या. अंगण झाडलं, संध्याकाळी पुन्हा पाला. गोधडीचं तसं नाही. आज चार ओळी घातल्या तर उद्या सकाळी त्या चार ओळी तिथंच असतात. शिवाय हिरव्याशेजारी लाल लावायचं की पिवळं, हे मी ठरवते. घरात शेळी विकायची का, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, यात आपलं मत किती धरतात ते आपल्याला माहीत आहे. तुकडा कुठं लावायचा ते मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

ही नुसती आपली समजूत नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ताणात आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. त्यांनी ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं रंग, कागद, माती देऊन मनाला येईल ते करायला सांगितलं आणि आधी व नंतर लाळ तपासली. सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल उतरलं होतं. माणसं थोडी होती आणि सगळ्यांनाच फरक पडला असंही नाही. पण कला आधी येत होती की नव्हती, याचा त्यात फारसा फरक दिसला नाही. "मला कुठं येतं चांगलं" म्हणणाऱ्या तायांनी हे ध्यानात ठेवा.

आपल्या आज्या-पणज्यांकडं जातं होतं. सासुरवास, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, जे कुणाला सांगता येत नव्हतं ते ओवीत यायचं. एकाच खुंट्याला दोघींचे हात, म्हणून ऐकणारीही समोरच असायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव बायांशी बोलून अशा लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी घरात-शेतात राबता राबता त्या गाणी रचत होत्या. पिठाची गिरणी आली ते बरंच झालं, पहाटे उठून दळायचे कष्ट कुणाला परत हवेत? पण बोलायची ती जागाही जात्याबरोबर गेली. मला वाटतं, आपल्या गटाच्या बैठकीत ती जागा थोडी तरी करता येईल.

आता एक अडचण सांगते. प्रदर्शनाच्या ऑर्डरच्या गोधड्या शिवताना मला असं काही बरं वाटत नाही. रंग त्यांचा, माप त्यांचं, तारीख त्यांची. रात्री जागून पाठ धरते. ऑर्डर जरूर घ्या, पैसा लागतोच. पण एखादं कापड बाजूला ठेवा, ज्याला गिऱ्हाईक नाही आणि तारीख नाही. शिवण आवडत नसेल तर रांगोळी काढा, ओवी म्हणून मोबाइलवर भरून ठेवा, भिंतीवर चित्र काढा. वेळ कुठून काढायचा, हे विचाराल. मी संध्याकाळी वीस मिनिटं काढते आणि तेवढ्या वेळात चहा पोरगा करतो. पहिले काही दिवस चहा कसा व्हायचा ते विचारू नका.

सुईदोऱ्यानं सगळं बरं होतं असं मात्र मुळीच नाही. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसा-रात्री कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. आणि ताणाचं कारण घरातली मारहाण असेल तर तिथं गोधडीचं काम नाही, १८१ ला फोन करा आणि गटातल्या एखादीला तरी सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी गोधडी आणायची आहे. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, तेवढं सांगायचं. माझ्या गोधडीत सासूबाईंच्या अंजिरी लुगड्याचा एक तुकडा आहे, जरा वाकडा बसलाय. तो मी उसवलेला नाही.