रेझिनमधले बुडबुडे: काढायचे की दाबायचे?

घरी रेझिनचे पार्ट ओतणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: व्हॅक्यूम चेंबर घ्यावा की प्रेशर पॉट? माझं मत विचाराल तर साच्याच्या सिलिकॉनला व्हॅक्यूम आणि रेझिनला प्रेशर.

व्हॅक्यूममध्ये सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट वर येतं, मग धपकन खाली बसतं. त्यामुळे भांडं मोठंच घ्या. पॉलियुरेथेन रेझिनला मात्र एवढी सवड नसते. काही प्रकार तीन-चार मिनिटांतच घट्ट व्हायला लागतात. तिथे प्रेशर कामाला येतं. पॉटमध्ये ६० पीएसआय हवा भरली की आतला एकूण दाब वातावरणाच्या सुमारे पाचपट होतो आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे बुडबुड्याचं आकारमान एक पंचमांशावर येतं. बुडबुडा जात नाही, फक्त दिसेनासा होतो! रेझिन पुरतं कडक होईपर्यंत दाब सोडायचा नाही. साच्याच्या सिलिकॉनमध्येच हवा राहिली असेल, तर दाबाखाली तिथली भिंत आत दबते आणि पार्टवर पुळ्या उठतात.

पावसाळ्यात रेझिनचा डबा वापरून झाला की लगेच बंद करा. पॉलियुरेथेन रेझिनमधल्या आयसोसायनेट या घटकाचा ओलाव्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, रेझिन फेसाळतं.

आणि हो, घरातला कुकर प्रेशर पॉट म्हणून अजिबात वापरू नका. तो साधारण १५ पीएसआयसाठी बनवलेला असतो.