उंबरठा उत्पन्नाचं गणित

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात तूर बुडाली की पीकविम्याची चर्चा सुरू होते. पंतप्रधान पीकविमा योजनेचं सूत्र असं: मागच्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणायचं, ते उंबरठा उत्पन्न. समजा सरासरी 10 क्विंटल, जोखीमस्तर 70 टक्के, तर उंबरठा 7. महसूल मंडळात सरासरी 4.2च पिकलं, तर तूट 40 टक्के, आणि भरपाई विमा रकमेच्या 40 टक्के. हे अंकगणितच. पण हप्ता किती असावा, हे संभाव्यताशास्त्राने काढावं लागतं, आणि तिथे उपयोजित गणित लागतं.

गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या आपल्या पोरापोरींनी शिक्षकीपलीकडेही बघावं, असं मनापासून वाटतं: हवामान अंदाज, बँकांतली जोखीम-मोजणी, विमागणित. एम.एस्सी. अमरावती विद्यापीठात करता येते. ॲक्च्युअरीची (विमागणितज्ञाची) प्रवेशपरीक्षा तर बारावीनंतरच देता येते.